पावसाळ्यापूर्वी जुनी गाडी घ्यावी का?

ठाण्यातील कासारवडवली येथून एका वाचकांनी विचारले आहे की, जून उजाडण्याआधी स्वस्तातली जुनी गाडी घ्यावी का आणि घ्यायची तर समोर असलेल्या दोनपैकी कोणती. ते रोज स्कूटरने महापे एमआयडीसीत कामाला जातात. गेल्या जुलैत माजिवड्याजवळ पाण्याखालचा खड्डा न दिसल्यामुळे ते पडले आणि त्यांचे मनगट मोडले. पती-पत्नी दोघांचे मिळून महिन्याला 78,000 रुपये हातात येतात. गृहकर्जाचा हप्ता 31,000 रुपये आहे आणि मुलीच्या शाळेसह घरखर्चाला 36,000 रुपये लागतात. बचत खात्यात 1 लाख 70 हजार रुपये आहेत आणि 2 लाख 40 हजारांची मुदत ठेव त्यांनी अडीअडचणीसाठी राखून ठेवली आहे. पहिली गाडी ऑगस्ट 2012 ची, एक लिटर इंजिनाची पेट्रोल हॅचबॅक असून ओळखीतले गृहस्थ ती 1 लाख 45 हजारांना देत आहेत. दुसरी जून 2019 मध्ये नोंदलेली आहे. विक्रेत्याने तिचे 3 लाख 35 हजार सांगितले आहेत आणि दोन लाखांचे कर्ज 14 टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे.

आपले मनगट मोडले ही गोष्ट मी या हिशेबात सर्वांत वर ठेवतो. मुसळधार पावसात घोडबंदर रस्त्यावर स्कूटर चालवू नये, हा आपला निर्णय योग्यच आहे. मात्र स्कूटर नको म्हणजे लगेच गाडी हवी, असे होत नाही. आकडे मांडल्यावर माझे मत असे झाले आहे की या दोन्ही गाड्या आपण घेऊ नयेत, हा पावसाळा लोकलने काढावा आणि डिसेंबर-जानेवारीत, कर्ज न काढता, या दोहोंच्या मधली गाडी घ्यावी.

प्रथम 2012 ची गाडी. तिची किंमत बचत खात्यातून भागते, म्हणून ती परवडणारी वाटते. पण इतकी जुनी गाडी घेतल्यावर पहिल्याच वर्षी तिच्यावर करावा लागणारा खर्च किमतीतच धरला पाहिजे. चार टायरचे 16,000, बॅटरीचे साडेचार हजार, ब्रेक, वायपर, ऑइल आणि किरकोळ दुरुस्त्यांचे 14,000 आणि नाव बदलण्याचे सुमारे 3,000 रुपये मी धरतो. हजार सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा 2022 मध्ये ठरलेल्या दराने 2,094 रुपये आणि त्यावर जीएसटी, असा येतो. हे सारे मिळून 40,000 रुपये होतात आणि गाडी 1 लाख 85 हजारांना पडते, म्हणजे 15,000 रुपये मुदत ठेवीतून काढावे लागतील. आपला महिन्याचा एकूण खर्च 67,000 आहे, तेव्हा ती ठेव आजच जेमतेम साडेतीन महिने पुरणारी आहे; तिला हात लावावा असे मला मुळीच वाटत नाही.

शिवाय या गाडीची नोंदणी ऑगस्ट 2027 मध्ये संपते. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी फेरनोंदणी करावी लागते. तिचे शुल्क 5,000 रुपये असून पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. रक्कम फार मोठी नाही, पण तपासणीत गाडी पास व्हावी म्हणून पत्रा, दिवे आणि सस्पेन्शनवर जो खर्च होतो, तो कधी कधी शुल्काच्या कितीतरी पट असतो, आणि पुढे गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक हीच तारीख आधी पाहते.

पण मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ही गाडी सर्वांत खालच्या व्हेरियंटची आहे आणि तिला एबीएसही (जोरात ब्रेक दाबला तरी चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅगही नाही, असे आपणच लिहिले आहे. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की एबीएस नसलेल्या गाडीची चाके लॉक होतात. गाडी घसरत पुढे जाते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. पावसात सुरक्षित राहण्यासाठी गाडी घ्यायची आणि नेमकी पावसातच उपयोगी पडणारी गोष्ट तिच्यात नसावी, हे मला पटत नाही.

दुसरी गाडी त्या दृष्टीने बरी आहे. एप्रिल 2019 पासून नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. मात्र जूनमध्ये नोंदलेली गाडी कारखान्यातून फेब्रुवारीतही बाहेर पडलेली असू शकते, म्हणून आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) उत्पादनाचा महिना पाहावा आणि इग्निशन चालू करताच डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा उजळून विझतो का, हेही पाहावे.

अडचण आहे ती पैशांची. दोन लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे 6,835 रुपये येईल आणि तीन वर्षांत 46,000 रुपये निव्वळ व्याजात जातील. सध्या आपल्याकडे महिन्याकाठी 11,000 रुपये शिल्लक राहतात. हप्ता गेल्यावर 4,165 उरतील. आता पेट्रोल पाहू. घर ते महापे आणि परत असे रोजचे 45 किलोमीटर, महिन्याचे 22 दिवस, ठाण्याच्या वाहतूककोंडीत लिटरला 15 किलोमीटर आणि 104 रुपये लिटर धरले, तर महिन्याला सुमारे 6,860 रुपये लागतात. स्कूटरला आज जे सुमारे 2,300 रुपये लागतात ते वजा केले तरी साडेचार हजारांहून अधिक वाढीव खर्च राहतोच. म्हणजे सोसायटीचे पार्किंग, सर्व्हिसिंग आणि विमा हे काहीही न धरता आपण दरमहा तोट्यात जाता. गृहकर्ज आणि गाडी मिळून हप्ते जवळजवळ निम्मे उत्पन्न घेतील आणि दोघांपैकी एकाची नोकरी महिनाभर जरी डळमळली तरी प्रकरण गळ्याशी येईल.

विक्रेत्याने सांगितलेला भावही मला चढा वाटतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 1200 सीसीपर्यंतच्या, चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या नव्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाल्यावर जुनीचा भाव आपोआप खाली यायला हवा. सौदा करताना हे स्पष्टपणे बोलून दाखवावे.

मग जून ते सप्टेंबर काय करायचे? कासारवडवलीहून टीएमटीच्या बसने ठाणे स्थानक, तिथून ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने घणसोली किंवा कोपरखैरणे आणि पुढे बस किंवा रिक्षाने महापे, हा प्रवास स्कूटरपेक्षा अधिक वेळ खाईल आणि बसला गर्दी असेल, हे मी नाकारत नाही. पण पावसाचा जोर असेल त्या दिवशी वाटेवरच्या विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचते आणि तिथे गाडीवालाही अडकतोच. पास, बस आणि एखाद्या दिवशी करावी लागणारी कॅब यांच्यासाठी स्कूटरच्या पेट्रोलच्या वाचलेल्या पैशांखेरीज दरमहा आणखी 2,000 रुपये राखून ठेवले, तरी 9,000 बाजूला पडतात. जून ते डिसेंबर या सात महिन्यांत 63,000 रुपये जमतील आणि खात्यातल्या रकमेत ते मिळवून 2 लाख 33 हजार होतील. त्यातले 35,000 ते 40,000 पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी ठेवून गाडीचा सौदा दोन लाखांच्या आत करावा. आपल्याला मिळालेले दोन्ही भाव पाहता एवढ्या पैशांत 2015-16 ची, वरच्या व्हेरियंटची, एबीएस असलेली हॅचबॅक शोधली तर मिळू शकेल. नवे वर्ष लागले की प्रत्येक गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते, हेही तेव्हा घासाघीस करताना आपल्या बाजूचे असेल.

पावसाळा संपल्यावर गाडी पाहताना मात्र सावध राहावे लागते, कारण पाण्यात बुडालेल्या गाड्या त्याच सुमारास विक्रीला येतात. धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाडीत हे वरवर दिसत नाही. पुढच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढावा. गाडी बुडालेली असेल तर एरवी आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर भागावर मळकट रेघ राहिलेली असते. डिकीतले स्टेपनी टायर उचलून खालच्या खोलगट जागेत बोट फिरवावे, तिथे वाळलेला बारीक गाळ लागतो का पाहावे. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांवरचा गंज, डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवरचा गंज आणि कार्पेट उचलल्यावर येणारा कुबट वास, यांतले काहीही आढळले तर भाव कितीही उतरला तरी ती गाडी सोडावी. टायरच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात. 2319 याचा अर्थ 2019 च्या 23 व्या आठवड्यात तो टायर बनला. रबर जुने झाले की नक्षी शाबूत असूनही ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. हे सगळे झाल्यावरही आपल्या भरवशाच्या मेकॅनिकला हजार-दोन हजार देऊन गाडी दाखवावी, विक्रेत्याने सुचवलेल्याला नव्हे.

विम्याबाबत एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर ते नुकसान साध्या फर्स्ट पार्टी विम्यातून सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड लागते आणि जुन्या गाड्यांना बहुतेक कंपन्या ती देत नाहीत. हा खर्च पन्नास हजारांच्या घरात सहज जाऊ शकतो, म्हणून गाडी घेतल्यावरही अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी लोकलच धरावी. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळणार नाही, तो त्यांच्याकडेच राहतो, तेव्हा फरकाची रक्कम धरून ठेवावी. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांच्या आत द्यावा. तो राहून गेला तर तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण चालू राहते, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

इसारा (सौद्याची आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी गाडीच्या क्रमांकावरून थकीत ई-चलने तपासावीत आणि आरसीवर बँकेचा बोजा (न फिटलेल्या कर्जाची नोंद) आहे का ते पाहावे. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय इसाऱ्यापलीकडे एक रुपयाही देऊ नये. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 समोरासमोर सह्या करून घ्यावेत आणि रक्कम बँकेमार्फतच द्यावी. गाडी एमएच 04 ची म्हणजे ठाणे आरटीओचीच असेल तर काम सरळ होते. ती परराज्यातली असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला रस्ता कर यांचा खर्च वाढतो, तेव्हा तशी गाडी स्वस्त दिसली तरी आपल्या दोन लाखांत बसणार नाही.