अमेरिकेत कुठलं शहर निवडू? आधी एवढंच बघ

अरे, न्यू जर्सी की डॅलस की सिएटल, हा घोळ सगळेच घालतात. आधी हे बघ की तुझ्या फील्डमधल्या किती कंपन्या त्या शहरात आहेत. एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, तेवढ्यात नवीन कंपनीने तुझ्यासाठी पिटिशन, म्हणजे सरकारकडे अर्ज, फाइल करायला पाहिजे, त्यात मुलांची शाळा, घराचं लीज, आणि गावात तुझ्या कामाची एकच कंपनी असेल तर अख्खा संसार गुंडाळून दुसऱ्या राज्यात. बाकी सगळं या नंतर!

पैशाचं म्हणशील तर टेक्सासमध्ये पगारावर स्टेट इन्कम टॅक्स नाही हे जो तो सांगतो, तिथला भरमसाठ प्रॉपर्टी टॅक्स मात्र कोणी सांगत नाही.

नवीन लोकांच्या ठरलेल्या चुका:

- आल्याआल्या घर घेणं. वर्षभर भाड्याने राहा की.
- चांगल्या हवेत शहर बघून भुलणं. शिकागो जानेवारीत बघ, डॅलस ऑगस्टमध्ये.
- नुसती देसी वस्ती बघणं. न्यू जर्सीतल्या एडिसनला सोय झकास आहे, पण ऑफिस न्यू यॉर्कच्या मॅनहॅटनला असेल तर रोजची ट्रेन आली. आणि घरात कोणाला गाडी येत नसेल तर डॅलसच्या सबर्बमध्ये दूध आणायचे पण वांधे, माणूस घरात बसून कंटाळतो.

शाळांचं रेटिंग, होम लोन यात आत्ताच डोकं घालू नकोस. फील्ड कुठलं आणि मुलं केवढी आहेत ते सांग, मग दोन-तीन नावं सुचवतो.