विडी सोडायला मेडिकलवाल्याची खरंच मदत होते का?

होते. माझ्या आप्पांची चाळीस वर्षांची विडी अशीच सुटली. सात रस्त्याजवळच्या मेडिकलवाल्या काकांनी आधी एवढंच विचारलं, "उठल्यावर पहिली विडी किती वेळात लागते?" अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं निकोटीन गम, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी हवी; अर्ध्या तासानंतर लागत असेल तर २ चं. आप्पा ते भराभर चघळायचे आणि उचक्या लागायच्या. काकांनी शिकवलं: हळू चावा, जिभेला झणझणलं की गालात दाबून ठेवा, चहा प्यायलात तर १५ मिनिटं थांबून मगच तोंडात टाका. बीपीच्या गोळ्या न्यायला गेलं की काका आवर्जून विचारायचे, "आज कितवा दिवस, आप्पा?" त्या प्रश्नासाठी आप्पा दिवस मोजायचे. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइनही (क्विटलाइन) मोफत आहे.