बाळाच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदय मोठे आणि कमकुवत दिसले व ‘कार्डिओमायोपॅथी’ (हृदयाच्या स्नायूचा आजार) असे निदान झाले, तर त्यामागे एखादा दुर्मीळ जन्मजात दोष सुटलेला असू शकतो का?

असू शकतो, आणि बहुतेक वेळा त्यात यंत्राचा दोष नसतो. नेमक्या जागी कोणी पाहिलेले नसते. मी लहान मुलांचे इको करते आणि याच मुद्द्यावर एका वरिष्ठ सहकाऱ्यांशी माझा जुना वाद आहे.

तीन महिन्यांचे एक बाळ आमच्याकडे आले होते. दूध ओढताना ते घामाघूम होई आणि मध्येच तोंड सोडून कळवळून रडे. आधीच्या रिपोर्टात डावा खालचा कप्पा फुगलेला व पंपिंग कमी, एवढेच लिहिले होते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा, म्हणजे कोरोनरींचा, उल्लेखच नव्हता. विषाणूसंसर्गाने स्नायू कमजोर झाला असावा, औषधे देऊन वाट पाहावी, असे वरिष्ठांचे मत पडले. मात्र इसीजीत पहिल्या लीडमध्ये आणि एव्हीएलमध्ये (हृदयाची डावी बाजू दाखवणाऱ्या नोंदींत) स्नायूला इजा सुचवणाऱ्या खोल क्यू लहरी होत्या, उजवी कोरोनरी रुंदावलेली होती, मायट्रल झडप गळत होती आणि तिला धरणारे स्नायू पांढरे चमकत होते. एवढे सगळे एकत्र दिसत असताना डावी कोरोनरी महाधमनीऐवजी फुप्फुस धमनीतून निघाली आहे का, हे पाहिल्याशिवाय कार्डिओमायोपॅथी हा शब्द लिहूच नये, असे मी तेव्हाही म्हटले होते.

या दोषाला अल्कापा म्हणतात. जन्मानंतर फुप्फुस धमनीतला दाब उतरत जातो, तसा डाव्या कोरोनरीतला प्रवाह मंदावतो आणि पुढे उलटाच फिरतो. म्हणून पहिल्या आठवड्यांत ठीक वाटलेले बाळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खालावते. साध्या कृष्णधवल चित्रात ही कोरोनरी महाधमनीला इतकी लगटून जाते की तिथूनच निघाल्याचा भास होतो. मी रंगीत डॉप्लरची (रक्तप्रवाहाची दिशा रंगांत दाखवणाऱ्या तंत्राची) वेगमर्यादा मंद प्रवाहही दिसावा म्हणून खाली आणली, तेव्हा तिच्यातले रक्त फुप्फुस धमनीकडे वाहताना स्पष्ट दिसले. शस्त्रक्रियेत कोरोनरी महाधमनीला जोडली गेली आणि पुढच्या काही महिन्यांत पंपिंग सुधारत गेले.

वरिष्ठांचा युक्तिवाद असा होता की सुमारे ३ लाख जन्मांमागे एका बाळात आढळणाऱ्या दोषासाठी प्रत्येक तपासणीत वेळ का घालवायचा. हा हिशेबच चुकीचा आहे, कारण तो सर्व बाळांचा आहे. आपल्यासमोर असते ते कमकुवत हृदयाचे बाळ, आणि त्या मोजक्या बाळांमध्ये ही शक्यता कितीतरी अधिक असते. शिवाय इथे कारण सापडले तर ते दुरुस्त करता येते.

म्हणून आपण रिपोर्ट हातात घेऊन थेट विचारा: दोन्ही कोरोनरींचा उगम दिसला का, आणि डावीतला प्रवाह रंगीत डॉप्लरवर कोणत्या दिशेने होता? उत्तर गुळमुळीत आले, तर बालहृदयरोगतज्ज्ञाकडून इको पुन्हा करून घ्या. अर्थात, कमकुवत हृदयाच्या बहुतेक बाळांत अल्कापा निघत नाही. बाळ रडत असेल तर कोरोनरी नीट दिसत नाहीत. तेव्हा त्याला शांत करून पुन्हा पाहावे लागते, आणि तरीही शंका उरली तर सीटी अँजिओग्राफी (सीटी स्कॅनने रक्तवाहिन्यांची तपासणी) करतात. तोवर सुरू असलेली औषधे मात्र स्वतःहून बंद करू नका.