सिस्प्लॅटिनच्या दुसऱ्या केमोनंतर वडिलांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय हे दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) ०.९ वरून १.५ झालं. किडनी कायमची गेली का?

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. पण हा रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पुढचा डोस घेऊ नका. मी केमो डे-केअरमध्ये औषधं तयार करतो. सिस्प्लॅटिन असलं की आधी क्रिएटिनिन बघायचं, मगच बाटलीला हात लावायचा. हे प्लॅटिनमचं औषध लघवीवाटे बाहेर पडतं आणि जाता जाता किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशींत साचून त्यांना इजा करतं. म्हणून तर आधी आणि नंतर इतकं सलाइन लावतात. त्यात बहुतेकदा मॅग्नेशियमही घालतात, कारण या नळ्या बिघडल्या की ते लघवीतून वाहून जातं. (पायात गोळे येत असतील तर मॅग्नेशियम तपासून घ्या.) वाढलेलं क्रिएटिनिन पुष्कळदा काही आठवड्यांत उतरतं, पण पूर्वीच्या आकड्यावर येतंच असं नाही, आणि दर डोसाला इजेत भर पडू शकते. तोवर घरी:

- अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको. कॉम्बिफ्लॅममध्येही आयब्युप्रोफेन असतं, हे बरेच जण विसरतात.
- उलट्यांमुळे पाणी पोटात ठरत नसेल तर त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा.
- कॉन्ट्रास्टचा (शिरेतून खास द्रव टोचून करायचा) सीटी स्कॅन ठरला असेल तर क्रिएटिनिनचा आकडा आधी सांगा.

डॉक्टर डोस कमी करतील किंवा कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनमचंच दुसरं औषध सुचवतील. ते किडनीला सौम्य आहे, मात्र प्रत्येक कॅन्सरमध्ये तितकंच चालत नाही. अंडकोषाच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिनच सरस ठरतं.