इक्झोऱ्याला युरिया घालण्याआधी

बाळा,

सोसायटीच्या बागेची जबाबदारी कमिटीने तुझ्या गळ्यात मारली. अभिनंदन करू की सांत्वन, ते तूच ठरव. फोटो पाहिला. इक्झोरा या फुलझुडपाच्या शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडलीत आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्यात. माळी म्हणतो युरिया टाकू. थांबव त्याला. युरिया म्हणजे नत्राचं खत, आणि नत्र कमी पडलं की आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. ही लक्षणं लोहाच्या कमतरतेची आहेत. कोकणातल्या मातीत लोहाला काय तोटा? तुझ्या वाफ्यातही ते असणार, पण झाडाला घेता येत नाही.

का, ते बघायला कुदळ घे आणि कुंपणाच्या कडेने फूटभर खण. नेरूळ घे नाहीतर घणसोली, नवी मुंबईच्या कितीतरी सेक्टरांखाली खाडीकाठची जमीन आणि वर मुरमाचा भराव. त्यावर बांधकाम संपताना गाडून टाकलेलं डेब्रिज: विटांचे तुकडे, प्लास्टर, घट्ट झालेलं सिमेंट. या सगळ्यावर नर्सरीतल्या लाल मातीचा चार बोटं थर, आणि त्याला आपण बाग म्हणतो. खणलेल्या मातीवर चमचाभर व्हिनेगर ओतून बघ. फसफसलं तर चुना आहे समज. त्याने मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो, आणि तो साडेसातच्या वर गेला की लोह मुळांना उचलता येईल अशा रूपात राहत नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फवारलास तर पानं हिरवी होतील, पुढची पालवी मात्र पुन्हा पिवळी येईल. डेब्रिज उपसून बाहेर काढायलाच हवं. कंटाळवाणं काम आहे, दोन मजूर लाव.

खड्डे झाले की कमिटी म्हणेल, दोन टेम्पो लाल माती मागवा. माझा त्याला साफ विरोध आहे. ती माती कुणाच्या तरी टेकडीचा उतार किंवा शेताचा वरचा थर खरवडून आणलेली असते. इंचभर थर घडायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात आणि आपण तो पहिल्याच पावसात गटारात सोडतो. त्यापेक्षा आहे तो मुरूम चाळून घे, त्यात शेणखत आणि कंपोस्ट मिसळ. पहिलं वर्ष झाडं रडतखडत वाढतील, वाढू देत.

कंपोस्टचा कच्चा माल रोज फुकट पडतोय. पर्जन्यवृक्षाची आणि सोनमोहराची पानं सकाळी झाडून काळ्या पिशव्यांत भरून गाडीत जातात, ते आधी बंद कर. झाडाखाली चार बोटं जाड पसर, खोडापासून वीतभर लांब, नाहीतर साल कुजते. आपल्याकडे जून ते सप्टेंबरात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. उघड्या मातीवर थेंब आदळला की ढेकळं फुटतात, बारीक गाळ छिद्रांत बसतो आणि वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरतच नाही. तेच आच्छादन उन्हाळ्यात बाष्पीभवन रोखतं, त्यामुळे खाडीजवळच्या प्लॉटवर मे महिन्यात वर येणारा पांढरा क्षारही कमी होतो. हे खारेपण इथल्या भातशेतीचं जुनं दुखणं. पनवेलला त्यासाठी खार जमीन संशोधन केंद्रच आहे.

उरलेली पानं कंपोस्टसाठी ओल्या कचऱ्यात घाल: एका बादलीला दोन-तीन बादल्या सुकी पानं. वास मारला तर पानं कमी पडली. त्यातलं मूठभर घेऊन दाबल्यावर एखाददुसरा थेंब निघाला तर ओल बरोबर. कुणीतरी म्हणेल, पानांनी डास होतात. डास होतात साठलेल्या पाण्यात. आधी त्यांच्या बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या बघ. लहान मुलं खेळतात तिथे मात्र पानांचा ढीग नको, त्यावर वाद घालू नकोस.

खत घालायच्या आधी नमुना घे. बागेत पाच-सहा ठिकाणी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा कर, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवड, एकत्र करून सावलीत वाळव आणि अर्धा किलो कापडी पिशवीतून कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत दे. झाडाच्या बुंध्याजवळची किंवा खताच्या ढिगाजवळची माती घेऊ नकोस. अहवाल आला की सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब, या तीन ओळींचा फोटो मला पाठव. नत्र-स्फुरद-पालाशचं नंतर बघू.

तुझा,
काका