डार्सी, वेंटवर्थ आणि 'आमचे हे'

मी समुपदेशन करते. गेल्या काही वर्षांत एक काळजी माझ्यासमोरच्या खुर्चीत वेगवेगळ्या तोंडांनी येऊन बसते. जुन्या प्रेमाच्या कादंबऱ्या पुन्हा पुन्हा वाचते, मग नायकाशी नवऱ्याची तुलना होते आणि नवरा नापास होतो. या वयात हे बरं नव्हे ना? विचारणाऱ्या बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या. एक आजी बंगाली कादंबरीकार शरदबाबूंच्या नायकांत अडकलेल्या होत्या, मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या. एका चौतिशीच्या मुलीला तर 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या इंग्रजी कादंबरीतला नायक डार्सी भेटेपर्यंत थांबायचं की स्थळं बघायची, एवढंच हवं होतं.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. बैठकी बारा झाल्या, इथे तीन-चारच येतील.

त्या सत्तेचाळीस वर्षांच्या. इंग्रजी घेऊन बीए झालेल्या, घरी शिकवण्या घेणाऱ्या. मुलगा शिकायला बाहेरगावी, सासूबाई घरात, नवरा कारखान्यात मॅनेजर.

"मॅडम, तीन पुस्तकं आहेत. एक संपलं की दुसरं, तिसरं संपलं की परत पहिलं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस', 'जेन एअर', 'पर्स्वेजन'. नवीन काही हातात धरवत नाही. आणि रात्री हे घोरायला लागले की मनात येतं, डार्सी घोरत असेल का?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. चूक माझी होती. ज्या गोष्टीची बाईला लाज वाटते तिच्यावर समुपदेशकाने आधी हसू नये, हे मी नवशिक्यांना शिकवते.

मग मी त्यांना त्यांच्याच पुस्तकातली एक जागा आठवायला सांगितली. डार्सीचं पत्र हातात पडल्यावर नायिका एलिझाबेथ काय करते? पहिल्यांदा रागात वाचते, मनातल्या मनात खोडून काढते. मग पुन्हा उघडते. पुन्हा वाचते. पत्र तेच असतं, तिचं मत बदलत जातं, आणि आपण स्वतःला आजवर ओळखलंच नव्हतं असं तिला वाटतं. १८१३ सालच्या त्या कादंबरीला कलाटणी मिळते ती तिथे. तेव्हा पुन्हा वाचणं हा आजार असेल, तर तो एलिझाबेथलाही होता.

त्या दिवशी जाताना त्यांचे खांदे जरा सैल वाटले.

पुढच्या दोन-तीन भेटी नायकांमध्ये गेल्या. त्यांच्याकडे रीतसर गुणपत्रक होतं. डार्सी: अठ्ठावीस वर्षांचा, सालाला दहा हजार पौंड, गर्विष्ठ, पण नकार पचवून स्वतःला बदलणारा. शिवाय घरची हाउसकीपर ज्याची मनापासून स्तुती करते तो पुरुष वाईट असूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. (हे निरीक्षण मला आवडलं. लग्न ठरवताना मुलाच्या घरच्या मोलकरणीला विचारावं.) 'पर्स्वेजन'मधला कॅप्टन वेंटवर्थ: आठ वर्षं प्रेम मनात धरून ठेवणारा. 'जेन एअर'मधला रोचेस्टर: तापट, पण असा बोलणारा माणूस दुसरा नाही.

इथे मला राहवलं नाही. एकोणिसाव्या वर्षी मीही रोचेस्टरवर जीव टाकला होता. माझ्या 'जेन एअर'मध्ये त्याच्या वाक्यावाक्याखाली पेन्सिलीच्या रेघा आहेत. पन्नाशीनंतर तेच पुस्तक उघडलं, तर हा गृहस्थ बायकोला तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवून दुसरीशी लग्नाला उभा राहतो, मुलींच्या मनातलं काढायला जिप्सी बाईचं सोंग घेतो! माझ्याकडे तो आला असता तर पहिल्या भेटीतच मी त्याच्या बायकोची चौकशी केली असती. हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या.

मग मी विचारलं, "आणि नायिका? त्यांचं गुणपत्रक?"

"त्या... चांगल्या आहेत."

"चांगल्या म्हणजे?"

बराच वेळ काही नाही. नायकांचं वय, उत्पन्न, कुठल्या प्रकरणात काय म्हणाले, सगळं तोंडपाठ असलेली बाई नायिकांपाशी येऊन गप्प झाली. इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला एवढं कळतं, की माणूस जिथे अडतो तिथे थांबायचं, पुढे ढकलायचं नाही. मी म्हटलं, पुढच्या वेळी सगळ्यात जास्त वाचलेलं पुस्तक घेऊन या.

त्यांनी 'पर्स्वेजन' आणलं. लेखिका जेन ऑस्टिन जुलै १८१७ मध्ये वारली, पुस्तक त्याच वर्षाच्या अखेरीस बाहेर आलं. त्यांची प्रत कॉलेजातली, कणा उसवलेला, चिकटपट्टी पिवळी पडलेली. मी ती टेबलावर उभी धरली आणि सोडून दिली. ज्याने बघितलंय त्याला माहीत आहे, फार वाचलेलं पुस्तक आपलं पान आपणच उघडतं.

मला वाटलं होतं वेंटवर्थचं ते प्रसिद्ध प्रेमपत्र निघेल. निघालं दहावं प्रकरण. नोव्हेंबरातली लांबलचक पायपीट. सगळी मंडळी चालून दमलेली, वेंटवर्थच्या बहिणीची आणि मेहुण्याची घोडागाडी वाटेत भेटते. कोणी दमलं असेल तर एका बाईपुरती जागा आहे, असं ते म्हणतात. कोणीच हो म्हणत नाही. नायिका ॲनही नाही. तेवढ्यात वेंटवर्थ कुंपण ओलांडून जातो, बहिणीच्या कानात काहीतरी सांगतो आणि काही न बोलता ॲनला हात देऊन गाडीत चढवतो. पानाच्या कडेला हळदीचा डाग होता.

"इथे मी थांबते," त्या म्हणाल्या. "दर वेळी. तिने सांगितलं नव्हतं हो. तरी त्याला कळलं, ती दमलीये."

"तुम्ही दमलाय, हे घरात कोणाला कळतं?"

त्या पुस्तकाकडे बघत राहिल्या. घड्याळाचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. मग डोळे भरले, आणि आवाज मात्र रागाचा.

"कसं कळणार? मी दमलेली दिसतच नाही कोणाला. सगळे नाचतात, मी पेटी वाजवते."

त्यांनाही ते बोलून झाल्यावर कळलं. ॲन इलियट तेच करते: बाकीच्यांना नाचता यावं म्हणून संध्याकाळभर पियानोवर बसते. सत्तावीस वर्षांची, सगळ्यांच्या उपयोगी, कोणाच्याच नजरेत नसलेली. त्या गप्प झाल्या होत्या त्याचं कारण हे. तिथे आरसा होता.

माझी काम करण्याची दिशा घडलेल्या प्रसंगापेक्षा त्याला आपण लावलेल्या अर्थाकडे बघण्याची आहे, त्यामुळे मी असं म्हणणारच. तरी तपासून बघा. जी बाई नायकांची तुलना करते ती बहुतेक वेळा नवऱ्याला मोजत नसते. त्या नायकासमोर जी उभी आहे तिच्या जागी आपण असतो तर कशा दिसलो असतो, हे ती चाचपत असते. म्हणून मी सांगते, यादी उलटी करा. नायकाने काय केलं ते राहू दे, त्याच्या आधी नायिकेने काय केलं ते लिहा. एलिझाबेथ लग्नाची मागणी घालणाऱ्या कॉलिन्सना नाही म्हणते, मग दहा हजार पौंडवाल्या डार्सीलाही नाही म्हणते. जेन एअर वीस शिलिंग घेऊन पहाटे रोचेस्टरचं घर सोडते. ॲनने एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्याचं ऐकून प्रेम सोडलं, त्याची किंमत आठ वर्षं मोजली.

आणि दुसरी गोष्ट. ॲनला न सांगता कळून घेणारा मिळाला, कारण शेजारी लेखणी घेऊन जेन ऑस्टिन बसली होती. आपल्या स्वयंपाकघरात कोणी बसलेलं नाही. न सांगता कळावं असं वाटणं अगदी माणसासारखं आहे. न सांगता कळलंच पाहिजे, तरच ते प्रेम, इथे त्रास सुरू होतो. त्या एका 'च'वर मी जन्मभर काम करत आले आहे.

त्यांनी प्रयोग केला. नणंदेकडचं डोहाळजेवण उरकून रात्री साडेआठला घरी आल्या आणि दारातच म्हणाल्या, "मी दमलेय. आज मी काही करणार नाही."

"मग?" मी विचारलं.

"हे म्हणाले, मग आधी सांगायचंस ना. आणि खिचडी टाकली. मीठ विसरले." थोडं थांबून, तक्रारीच्या सुरात, "वेंटवर्थ असता तर सांगावं लागलं नसतं."

"वेंटवर्थने खिचडी टाकली असती?"

"तो कप्तान होता, मॅडम. त्याच्याकडे खानसामा असेल."

सासूबाईंनी मात्र दोन दिवस अबोला धरला. तेही सांगायला हवं. सांगितलं की सगळे लगेच ऐकतात, असं होत नाही. त्यांनी तिसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, आणि शिकवणीचा शनिवार बंद केला.

पुस्तकं सुटली नाहीत, मी सोडायला सांगितलीही नव्हती. शेवटच्या भेटीत त्या दार उघडता उघडता वळल्या. आता 'जेन एअर' घेणार होत्या, फक्त जेनसाठी. त्यांच्या प्रतीची शेवटची पानं गळली होती.

"तुमची द्याल का आठवडाभर? ती रेघांवाली?"

मी कपाटाकडे बघितलं. मग म्हटलं, वाचनालयात सहज मिळेल हो.