बहुतेक औद्योगिक अपघात कामगाराच्या चुकीमुळेच होतात, मग चूक करणाऱ्याला कडक शिक्षा हाच उपाय नाही का?

अपघाताच्या आधीचा शेवटचा हात बहुधा कुणा माणसाचाच असतो, इतपत तुमचं बरोबर. पण रसायन कारखान्यात पाळीवर बरीच वर्षं काढलीत, आणि ‘मानवी चूक’ असा शेरा मारला की फाइल कशी पटकन बंद होते ते पाहिलंय.

पायपर अल्फा घ्या. उत्तर समुद्रात स्कॉटलंडजवळचा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म. 6 जुलै 1988 च्या रात्री तिथे 167 माणसं मेली. कंडेन्सेटचे, म्हणजे वायूतून निघणाऱ्या हलक्या ज्वलनशील द्रवाचे, दोन पंप होते, ए आणि बी. ए देखभालीसाठी बंद होता आणि त्याच्या लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब जादा झाला की उघडणारी झडप) दिवसपाळीने तपासायला काढला होता. काम संध्याकाळपर्यंत उरकलं नाही, म्हणून उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड बंद करणारी धातूची चकती, लावून ठेवली. रात्री पावणेदहाच्या सुमारास बी ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, आणि परत चालू होईना. पंप नाही तर लवकरच सगळं बंद. रात्रपाळीला ए पंपाच्या देखभालीचं परमिट (कामाचा लेखी परवाना) ठाऊक होतं, आणि ते काम अजून सुरूच झालं नव्हतं. व्हॉल्व्हचं परमिट वेगळं होतं, ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. व्हॉल्व्हची जागाही पंपाजवळ नव्हती की सहज दिसावी. ए चालू केला, फ्लँजमधून गळती झाली, दहाच्या सुमारास स्फोट.

त्यांच्याजागी मी असतो तर मीही तो पंप चालू केला असता. आता शिक्षा कुणाला करायची?

आणि एवढ्याने 167 माणसं मरत नाहीत. आग विझवायचे पंप समुद्राचं पाणी ओढतात, त्यात पाण्यात काम करणारे पाणबुडे खेचले जाऊ नयेत म्हणून ते मॅन्युअलवर, म्हणजे हाताने चालू करावे लागतील असे, ठेवलेले होते. भिंती आग रोखणाऱ्या होत्या, स्फोट नव्हे. पाइपलाइनने जोडलेल्या शेजारच्या प्लॅटफॉर्मनी आपलं उत्पादन लगेच थांबवलं नाही. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने 1990 मध्ये 106 शिफारशी केल्या, त्या उगाच नव्हेत.

आमच्याकडे फिटर पंपाच्या स्विचला स्वतःचं कुलूप घालतो, टॅगवर नाव-तारीख लिहितो आणि किल्ली खिशात टाकतो. परमिट हरवलं तरी पंप सुरू होत नाही. (जादा किल्ली कुणाच्या तरी खणात असतेच, ती आधी शोधा.)

शिक्षेच्या धाकाने चुका कमी होत नाहीत, कळायच्या मात्र बंद होतात. अमेरिकेत 1976 पासून वैमानिक आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग नासाला गोपनीयपणे कळवतात. नासालाच का? तर परवाना काढून घेणं नासाच्या हातात नाही.

शिक्षा मुळीच नको, असंही नाही. इंटरलॉक, म्हणजे धोका असताना यंत्र चालू न होऊ देणारी व्यवस्था, मुद्दाम बायपास करणाऱ्याला सोडू नये. फक्त तो बायपास किती महिने चालू होता, आणि त्या काळातल्या लॉगबुकवर सह्या कुणाकुणाच्या आहेत, तेही त्याच चौकशीत विचारा.